न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांचं घराणं : वंशावळ मुलींकडून काढून पाहिली तर?

जुनी वही (धागाकर्ता)

लोकमान्यांच्या कुठल्याही चरित्रात १८९७ च्या राजद्रोह खटल्यापाशी एक नाव येतं आणि दोन ओळींत निघून जातं : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. टिळकांना जामीन देणारे. मराठी वाचकाचा या माणसाशी संबंध बहुधा तेवढाच. फार तर काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे (मद्रास, १८८७) अध्यक्ष, एवढं स्पर्धा परीक्षावाल्यांना पाठ असतं.

मला मात्र त्यांच्या खटल्यांपेक्षा त्यांच्या घरानं जास्त धरून ठेवलं. वाचत गेलो तसं लक्षात आलं की आपल्याला वेगवेगळ्या कप्प्यांत माहीत असलेली कितीतरी माणसं एकाच गोतावळ्यातली आहेत : पक्षीतज्ज्ञ सलीम अली, धारासणेच्या मिठाच्या सत्याग्रहातले अब्बास तय्यबजी, जंजिऱ्याच्या नाझली बेगम, हैदराबादचे अकबर हैदरी, मुस्लिम कायद्याचे अभ्यासक आसफ फैझी. आडनावं वेगळी असल्यामुळे हे पटकन कळत नाही.

सुरुवात वडिलांपासून करतो. तय्यब अली भाई मियां (१८०३–१८६३). घराणं मूळ खंबायतचं, सुलेमानी बोहरा. बोहरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हार्डवेअरचं दुकान आणि सोनेरी काठाची पांढरी टोपी येते. ते बहुतेक दाऊदी बोहरे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूच्या गादीवरून फूट पडली आणि सुलेमानी वेगळे झाले. हा समाज संख्येनं अगदी लहान, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

तय्यब अली मुंबईत व्यापार करून वर आले. स्वतःचं आयुष्य त्यांनी लिहून ठेवलं होतं, ते आसफ फैझींनी संपादित करून १९६४ मध्ये छापलं. या गृहस्थांनी घराचं वळण बदलणारे दोन निर्णय घेतले. एक, मुलांना विलायतेला शिकायला धाडायचं, तेही १८५७ च्या आधीपासून. मुलगा कमरुद्दीन १८५८ मध्ये इंग्लंडात सॉलिसिटर झाला, असा होणारा तो पहिला भारतीय. धाकटा बद्रुद्दीन (जन्म १० ऑक्टोबर १८४४) १८६० मध्ये गेला, मधे डोळ्यांच्या दुखण्यानं परत आला, पुन्हा गेला आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आला. मुंबई हायकोर्टात तो पहिला भारतीय बॅरिस्टर. दुसरा निर्णय घरातल्या भाषेचा : गुजराती सोडून उर्दू बोलायची. एका व्यापाऱ्यानं आपल्या घराला जातीच्या आळीतून उचलून मोठ्या मुस्लिम भद्रसमाजात नेऊन बसवलं, असंच मी याच्याकडे बघतो. कोकणातून देशावर आलेल्या आपल्या घराण्यांनी बोलीतले हेल पुसले, पण भाषाच बदलण्याची हिंमत कुणी केल्याचं मला आठवत नाही.

बद्रुद्दीन यांची कारकीर्द थोडक्यात. १८७४ मध्ये कमरुद्दीन आणि इतरांच्या बरोबरीनं अंजुमन-ए-इस्लामची स्थापना. व्हीटीसमोरची ती देखणी इमारत सगळ्यांनी पाहिलेली आहे. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्याबरोबर बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन. १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश, त्या कोर्टातले पहिले मुस्लिम. १९०२ मध्ये काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश, त्या खुर्चीवर पहिल्यांदाच भारतीय माणूस बसला. १९ ऑगस्ट १९०६ ला लंडनमध्ये मृत्यू. राहायला वॉर्डन रोडवरचं सॉमरसेट हाऊस, जिथे आता सोफिया कॉलेज आहे. पत्नी राहत-उन-नफ्स आणि अठरा मुलं.

आता मुद्दा. आपल्या कुलवृत्तांतांच्या पद्धतीनं मी आधी फक्त पुरुषांची वंशावळ कागदावर काढली. तय्यब अली, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. हाती काय आलं? वकील, व्यापारी, न्यायाधीश, अधिकारी. चांगलं, प्रतिष्ठित, पण असं घराणं मुंबईत आणखीही सापडेल. मग मुली, सुना, जावई घातले आणि कागद अपुरा पडला.

अब्बास तय्यबजी हे बद्रुद्दीनचे पुतणे, शम्सुद्दीनचे चिरंजीव. पण जावईसुद्धा, कारण बद्रुद्दीनची मुलगी अमीना त्यांना दिली. दुसरे भाऊ नजमुद्दीन, त्यांचीही मुलगी अमीना. ती दिली अकबर हैदरींना, जे १९३७ मध्ये हैदराबादचे पंतप्रधान झाले. अमीना हैदरी यांनी १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात केलेल्या कामासाठी कैसर-ए-हिंद पदक मिळवलं. सलीम अलींची आई तय्यबजींकडची. अतिया फैझी, झेहरा आणि नाझली या तिघी बहिणींची आई तय्यबजी घराण्यातली. आणि अब्बास–अमीना यांच्या मुलींपैकी सोहेला ही इतिहासकार इरफान हबीब यांची आई.

म्हणजे आडनाव चालवलं मुलांनी, पण घराणं पसरलं मुलींमुळे. आणि मुली पसरू शकल्या, कारण त्यांना लिहा-वाचायला शिकवलं होतं. १९०३ मध्ये मुंबईत मुस्लिम शिक्षण परिषद भरली, तिचे अध्यक्ष बद्रुद्दीन होते. तिथल्या भाषणात त्यांनी कडक पडद्यावर टीका केली आणि बऱ्याच श्रोत्यांना ती रुचली नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात ते सगळं त्याआधीच सुरू झालं होतं.

चर्चेसाठी धागा उघडा ठेवतो. तुमच्याकडे या घराण्याबद्दल काही असेल तर जरूर लिहा.

---

गिरगावकर

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). सलीम अली लहानपणी आमच्या खेतवाडीत राहिले हे माहीत होतं, तय्यबजी जोड माहीत नव्हती. आईवडील लवकर गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी वाढवलं. हे मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीनं मारलेली ती गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी आणि ती ओळखून घ्यायला बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत) मिलर्डसाहेबांकडे जाणं, हा किस्सा शाळेच्या पुस्तकात होता बहुतेक.

---

काळा कोट

चांगला धागा. जामिनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दर टिळक पुण्यतिथीला 'रानड्यांनी जामीन नाकारला आणि तय्यबजींनी दिला' असा एक मेसेज फिरतो आणि खाली भांडणं लागतात.

टिळकांना २७ जुलै १८९७ च्या रात्री मुंबईत अटक झाली. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. लगेच हायकोर्टात अर्ज झाला, तो न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे आला आणि फेटाळला गेला. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण त्या वेळी प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे चालू होतं, प्राथमिक चौकशी संपलेली नव्हती. ते संपून खटला हायकोर्टाच्या सेशन्सकडे सोपवला गेला, तेव्हा बॅ. दावर यांनी न्या. तय्यबजींपुढे नवा अर्ज केला आणि ४ ऑगस्टला तो मंजूर झाला. म्हणजे टप्पा बदलला होता. वकिली करणाऱ्या कुणालाही यात फरक काय ते कळेल : चौकशी चालू असताना कोर्ट हात आखडतं, ती संपल्यावर प्रश्न एवढाच उरतो की आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, आणि त्याला बचावाची तयारी करता यावी की नाही. टिळक पळून जाणारे नव्हते हे इंग्रजांनाही ठाऊक होतं.

तरीही तय्यबजींचं श्रेय कमी होत नाही. रँडचा खून होऊन दीड महिनाही झाला नव्हता. अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रं टिळकांच्या मागे हात धुऊन लागली होती. आपल्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी काही दिवसांपूर्वी नाही म्हटलेलं. अशा वेळी दोन वर्षं जुन्या न्यायाधीशानं हो म्हणायला धाडस लागतं. जामीनदार म्हणून शेठ द्वारकादास धरमसी पुढे आले, हेही नाव आपण विसरतो.

पुढचा खटला न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्युरीत सहा युरोपीय, तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन, दीड वर्षाची सक्तमजुरी. आणि ज्या दावरांनी जामीन मिळवून दिला तेच दावर १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते. त्या वेळी टिळकांसाठी जामीन मागायला जिना उभे राहिले, दावरांनी नाकारला आणि २२ जुलैला सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली.

---

चहाबाज

दावरांचं हे माहीत नव्हतं. कमाल आहे!

धागाकर्ते, ती अठरा मुलं एकाच बायकोची का? बाईंना साष्टांग नमस्कार.

---

जुनी वही

@चहाबाज : हो, एकाच.

@काळा कोट : आभार. रानडे आणि तय्यबजी त्या वेळी एकाच हायकोर्टात न्यायाधीश होते, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते.

---

राजपुरी खाडी

मुरुडचा असल्यामुळे नाझली बेगमबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे नवाबाचा राजवाडा गावाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून उभा आहे. पर्यटक बाहेरून फोटो काढतात आणि किल्ल्याची होडी पकडायला राजपुरीला जातात. गावात गोष्टी निघतात त्या सिद्दी सर अहमद खान यांच्या : पाणीपुरवठा, रस्ते, शिस्त. बेगमेचं नाव जुन्या लोकांकडूनसुद्धा क्वचित ऐकलं.

खरं तर नाझली बेगम मुंबईत शिकलेली, उर्दूत लिहिणारी बाई. १९०८ साली नवाबांबरोबर युरोप फिरून आल्या आणि त्या प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिलं. बहीण अतिया त्यांच्याआधी दोन वर्षं लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली होती, तिनंही आपली रोजनिशी छापली. त्या काळात मुरुड-जंजिऱ्याच्या वाड्यावर शिबली नोमानींसारखे उर्दूतले मोठे विद्वान पाहुणे म्हणून यायचे. १९१३ मध्ये नवाब आणि नाझली यांचा घटस्फोट झाला आणि ही सगळी ये-जा संपली. एका छोट्या संस्थानाच्या इतिहासातला हा भाग आमच्याच गावाला माहीत नाही, कारण ते सगळं उर्दूत आहे आणि आम्ही मराठी वाचतो.

---

तिरकस

सगळे कौतुकात रंगलेत म्हणून थोडा मिठाचा खडा.

हे घराणं म्हणजे इंग्रजी राजवटीत लोणी खाणारा वर्ग. मलबार हिल–कंबाला हिलवर बंगले, उन्हाळ्यात माथेरान, मुलं विलायतेत, जावई संस्थानिकांकडे दिवाण. न्यायाधीशपदही राणीच्या सहीनं. त्याच वेळी गिरणगावातल्या चाळींत प्लेगनं माणसं मरत होती. 'मुली शिकल्या म्हणून घराणं पसरलं' हे ऐकायला गोड आहे, पण पैसा होता म्हणून मुली शिकल्या. एका जामिनावर किती पुण्याई काढणार?

---

माजघर

@तिरकस, पैसा त्या काळी मुंबईत भाटियांकडे होता, पारशांकडे होता, आमच्या सारस्वत-प्रभूंकडेही होता. पैसा असून मुलींना माजघरात बसवणारी घरं ढिगानं होती. माझ्या पणजीचं घर त्यातलंच. त्यामुळे 'पैसा होता म्हणून' हे अर्धंच उत्तर झालं.

---

जुनी वही

@तिरकस, तुमचं पहिलं वाक्य मला मान्य आहे. वर्ग सुखवस्तू होता, राजनिष्ठही होता. बद्रुद्दीन काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते राणीशी निष्ठा ठेवूनच. सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं असा आग्रह धरला, तेव्हा १८८८ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. त्यात बद्रुद्दीन यांची भूमिका अशी की सर्व समाजांचे समान प्रश्न आहेत तिथे एकत्र राहावं, आणि एखाद्या समाजाचा एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसनं घेऊ नये. क्रांतिकारक वगैरे नव्हतेच ते. पण १८८८ मध्ये हे मांडायलाही पाठीचा कणा लागत होता.

राजनिष्ठेचं पुढे काय झालं ते बघायचं तर पुतण्याकडे जावं लागतं. अब्बास तय्यबजी (जन्म १८५४) इंग्लंडात शिकलेले, सयाजीरावांच्या बडोद्यात मुख्य न्यायाधीश. साहेबी राहणी, साहेबी शिकार. १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर काँग्रेसनं पंजाबात चौकशी समिती नेमली, तिच्यात गांधी, चित्तरंजन दास, जयकर यांच्याबरोबर अब्बास होते. साक्षी ऐकता ऐकता हा पासष्टीचा निवृत्त न्यायाधीश आतून बदलला. विलायती कपडे गेले, खादी आली. १९३० मध्ये गांधींना ५ मे रोजी अटक झाल्यावर धारासणेच्या मोहिमेचं नेतृत्व आधी ठरल्याप्रमाणे यांच्याकडे आलं. तेव्हा वय ७६. १२ मे ला त्यांनाही पकडलं आणि मग सरोजिनी नायडू पुढे झाल्या. २१ मे ला तिथे जो लाठीमार झाला तो जगानं वाचला.

गांधी आणि अब्बास या दोघा म्हाताऱ्यांचं एक गमतीचं गुपित : एकमेकांना अभिवादन करताना ते 'भर्रर्र' असा आवाज काढायचे. गांधींची अब्बासना लिहिलेली पत्रं त्याच संबोधनानं सुरू होतात.

त्यांची मुलगी रेहाना. बालपणापासून कृष्णभक्त, गळा गोड, आश्रमात भजनं म्हणायची. आपल्या काकासाहेब कालेलकरांशी तिचं गुरुबंधूसारखं नातं जुळलं आणि नंतरची बरीच वर्षं ती दिल्लीत त्यांच्याच सोबतीनं राहिली. बोहरा न्यायाधीशाची मुलगी, साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब आणि मीरेची भजनं. हे मी कल्पनेनं लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, फार झालं.

---

कुलवृत्तवाला

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीवर काम करतोय, म्हणून हा धागा दोनदा वाचला. एक शंका.

तुमचा मुद्दा चुलत-आते-मामे भावंडांत लग्नं करणाऱ्या समाजालाच लागू पडतो. समाज छोटा, लग्नं नात्यात, त्यामुळे मुलगी दिली तरी ती घराण्यातच राहते. अमीना बद्रुद्दीनची मुलगी आणि पुतण्याची बायको; ती गेली कुठे? त्यामुळे तिला वंशावळीत धरणं सोपं आहे. आमच्याकडे सगोत्र विवाह नाही. मुलगी दिली की गोत्र बदललं, नाव बदललं, बऱ्याचदा माहेरचं पाळण्यातलं नावही पुसलं. जुन्या कुलवृत्तांतात म्हणूनच 'कन्या २, विवाहित' एवढंच असतं. हे निव्वळ पुरुषी दुर्लक्ष नाही, नात्याची रचनाच वेगळी आहे. (देशस्थांत मामेबहिणीशी लग्न चालतं, तो भाग वेगळा.)

---

जुनी वही

@कुलवृत्तवाला, मुद्दा बिनतोड आहे, पण पूर्ण नाही.

नात्यातली लग्नं हा या घराण्याचा कणा होता हे खरं. सलीम अलींची पत्नी तेहमिना हीसुद्धा दूरच्या नात्यातली. पण ज्या मुली नात्याबाहेर गेल्या त्यांचीही खबर घरात नीट ठेवली गेली, आणि त्याचं कारण मला 'अखबार' वाटतो. या कुटुंबाच्या प्रत्येक शाखेच्या घरी एक मोठी वही असे, तिला अखबार म्हणत. घरातल्या कुणीही त्यात लिहायचं : पुरुष, बायका, पोरं, आलेले पाहुणेसुद्धा. कोण आजारी, कोण आलं-गेलं, माथेरानला पाऊस कसा आहे, कुणी काय वाचलं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं. उर्दूत. आणि वही उघडी. कुणीही आधीचं वाचून खाली शेरा मारू शकायचं. बायकांच्या हस्ताक्षरातलं इतकं लिखाण एकोणिसाव्या शतकातल्या फार थोड्या भारतीय घरांत सापडेल. मुली गोत्राबाहेर गेल्या म्हणून आपण विसरलो, की त्यांच्या हाती वही दिली नाही म्हणून?

आणि नात्याबाहेरच्या लग्नाचं उदाहरण घ्यायचंच तर अतिया. तिनं १९१२ मध्ये सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी लग्न केलं. हे गृहस्थ पुण्यात जन्मलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. जे. जे. स्कूलमधून लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकून आलेले. लग्नासाठी मुसलमान झाले, आणि बायकोचं आडनाव आपल्या आडनावाआधी लावलं : फैझी-रहमीन. नवी दिल्लीच्या सचिवालयातल्या घुमटांखाली त्यांची चित्रं आहेत. आता या माणसाला कुलवृत्तांतात कुठल्या रकान्यात बसवाल?

---

कुलवृत्तवाला

हा हा! रकानाच नवा पाडावा लागेल. वहीचा मुद्दा मान्य. आमच्या घरी आजीचा हिशेबाचा तुकडाही उरलेला नाही, पणजोबांचे कोर्टाचे कागद मात्र ट्रंक भरून आहेत.

---

पक्षीवेडा

अलिबागच्या बाजूचा संदर्भ जोडतो. किहीमला समुद्रकाठी या गोतावळ्यातल्या लोकांची सुट्टीची घरं होती. सलीम अलींची म्युझियममधली गाईडची नोकरी गेली तेव्हा हातात पैसा नव्हता, मुंबईत राहणं परवडत नव्हतं, म्हणून ते तेहमिनासह किहीमच्या सासुरवाडीच्या घरात राहायला आले. १९३० चा पावसाळा. दाराशी सुगरणींची वसाहत होती. शिडीवर बसून त्यांनी रोज टिपणं काढली, आणि नर अर्धं घरटं विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडलं तरच पुढचं काम करतो आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणून दुसरी मादी बघायला लागतो, हे सगळं पहिल्यांदा नीट नोंदलं. बीएनएचएसच्या जर्नलमध्ये १९३१ मध्ये छापून आलं. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या वर्तनाचा इतका बारीक अभ्यास त्याआधी फारसा झालेलाच नव्हता.

बेकारीत बायकोच्या माणसांचं घर कामाला आलं. धागाकर्त्यांचा मुद्दा इथेही लागू आहे बघा.

---

तिरकस

सुगरण नराचं चारित्र्य वाचून हसू आवरलं नाही. अब्बासमियांचं मान्य, शस्त्र खाली. पण 'घराणी' हा प्रकारच मला पचत नाही, तो आजार समजा.

---

औरंगाबादी

मराठवाड्याच्या वतीनं दोन गोष्टी.

एक, अकबर हैदरी. निजामाच्या राज्यात ते पंतप्रधान व्हायच्या कितीतरी आधीपासून वजनदार अधिकारी होते. उस्मानिया विद्यापीठ (१९१८) उर्दू माध्यमातून उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा. अजिंठ्याच्या लेण्यांकडे निजाम सरकारनं लक्ष द्यावं यासाठीही त्यांनी जोर लावला. १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची दुरुस्ती करवली गेली, आणि मग गुलाम याझदानींचे ते जाडजूड ग्रंथ निघाले. इटालियनांनी लावलेलं वार्निश पुढे पिवळं पडलं आणि ते काढायला नंतर बरीच मेहनत करावी लागली, हा भाग निराळा. हैदरींचा मुलगा आसामचा राज्यपाल होता, १९४७ चा नागांबरोबरचा नऊ कलमी करार त्याच्याच नावानं ओळखला जातो.

दोन, जालन्याचे लोक हे विसरले असतील : १९५७ च्या निवडणुकीत जालन्याचे खासदार म्हणून निवडून आले ते काँग्रेसचे सैफ तय्यबजी. न्यायमूर्तींचे नातू. त्याच वर्षी ते वारले. मुंबईचा सुलेमानी बोहरा आणि जालन्याची मोसंबी-कापूसवाली जनता, हा मेळ त्या काळी कुणाला खटकला नाही.

---

माजघर

सैफ यांच्या बहिणीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? कमिला तय्यबजी. न्यायमूर्तींचे चिरंजीव फैझ, ज्यांनी मुस्लिम कायद्यावर मोठा प्रमाणग्रंथ लिहिला, त्यांची मुलगी. ऑक्सफर्डला शिकल्या, लंडनमध्ये बॅरिस्टरी केली, प्रिव्ही कौन्सिलपुढे उभ्या राहिल्या. मुंबईत परत येऊन १९६८ मध्ये विमेन्स इंडिया ट्रस्ट काढला : गरीब बायकांना शिवण, छपाई, लोणची-मुरंबे असं काम शिकवून त्यातून कमाई. पनवेलला त्यांचं मोठं केंद्र आहे. त्यांचे जॅम मुंबईतल्या कितीतरी घरांत खाल्ले गेलेत, बाटलीमागची बाई कोण हे ठाऊक नसताना.

आणि या दोघांचे भाऊ म्हणजे आयसीएस अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी, आजोबांचंच नाव. हे पुढे राजदूत होते, अलीगढचे कुलगुरूही. राष्ट्रध्वजाच्या अखेरच्या आराखड्यात त्यांचा आणि पत्नी सुरैया यांचा हात होता असं म्हणतात, त्यावर वाद आहेत, तो विषय इथे नको. हस्तकलाकारांसाठी काम करणाऱ्या 'दस्तकार' संस्थेच्या लैला तय्यबजी ही त्यांची मुलगी.

---

गिरगावकर

वाद नको म्हणून नेमकी काडी टाकून गेल्या ताई.

---

काळा कोट

ध्वजासाठी वेगळा धागा काढा, इथे पन्नास प्रतिसाद त्यातच जातील.

जाता जाता : फैझ तय्यबजी आणि आसफ फैझी, एकाच गोतावळ्यातल्या दोघांची मुस्लिम कायद्यावरची पुस्तकं आमच्या वेळी लायब्ररीत शेजारी शेजारी असायची आणि कोर्टात दोन्ही उद्धृत व्हायची. आसफ फैझी १९३८ ते १९४७ मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. जन्म माथेरानचा, १८९९. शरीयतचा कायदा आणि धर्म यांत फरक करावा, कायदा काळाप्रमाणे बदलावा, असं त्यांनी स्वातंत्र्यानंतर स्पष्ट मांडलं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या.

---

राजपुरी खाडी

@जुनी वही, जंजिऱ्याच्या राजवाड्यावर असताना या बहिणींनी अखबारात लिहिलं होतं का? तसं असेल तर आमच्या भागाचा इतिहास म्हणून ते मराठीत यायला हवं.

---

जुनी वही

@राजपुरी खाडी, अखबाराच्या वह्या तय्यबजींच्या घरोघरच्या, त्यांत जंजिऱ्याचे उल्लेख असणं साहजिक आहे, कारण ये-जा सतत होती. पण सुरुवात अतियाच्या रोजनिशीपासून करावी असं मला वाटतं. ती १९२१ मध्ये छापलेली आहे, तिचा इंग्रजी अनुवादही झालाय. उर्दू वाचणारं कुणी इथे असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. नाझली बेगमच्या युरोपच्या पुस्तकातली पहिली काही पानं लावून बघू. जमलं तर त्याचा वेगळा धागा काढतो, मुरुडकरांनी स्थळांची नावं तपासून द्यायची.